वरचं दूध

गेल्या उन्हाळ्यात कन्नडला, माहेरच्या ओसरीवर, माझ्या अठरा आठवड्यांच्या मुलीनं बाटलीचं निपल तोंडात घेतलं, दोनदा चघळलं आणि जिभेनं बाहेर ढकललं. मग अशी रडली की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. बाटलीत माझंच दूध होतं. पंपानं काढलेलं, कोमट केलेलं, मनगटावर थेंब टाकून तपासलेलं. तरी नाही म्हणजे नाही.

माझी सुट्टी संपायला तीन आठवडे उरले होते. पुण्यात ऑफिस, हिंजवडीत, घरापासून तासाभराच्या ट्रॅफिकवर. कायद्यानं बाळंतपणाची रजा २६ आठवडे. डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने, म्हणजे साधारण २६ आठवडे, बाळाला फक्त आईचं दूध द्या. आकडा दोन्हीकडे तोच, पण काऊंटर वेगवेगळ्या दिवशी सुरू होतो. रजेतले पाच आठवडे माझे बाळंतपणाआधीच गेले होते. माझ्या कामात असं काही सापडलं की आम्ही त्याला बग म्हणतो आणि तिकीट टाकतो. इथे तिकीट कुणाकडे टाकायचं?

आजी बाजेवरून सगळं बघत होती. म्हणाली, "ते रबर कशाला कोंबायलीस गं लेकराच्या तोंडात? आमच्या वेळेला कुठं होत्या बाटल्या?"

त्या रात्री मुलीला पाजताना एका हातात फोन धरून मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागले. आई जवळ नसेल तेव्हा तान्ही मुलं काय पीत होती? पुढचे वीस दिवस तेच वाचत होते.

आधी एक गोष्ट समजली आणि निम्मा राग गेला. अंगावर पिताना बाळ फक्त ओढत नाही. स्तनाचा बराच भाग तोंडात घेऊन जिभेची लाट करतं. सुरुवातीला दूध थोडंच येतं, मग पान्हा फुटतो आणि धार लागते, मग पुन्हा मंदावते. बाटलीत पान्हा नसतो. निपल दाबलं की दूध पहिल्या सेकंदापासून येतं, आणि त्याला ना आईचा वास ना कातडीची ऊब. चार महिने एका पद्धतीनं जेवलेल्या जिवाला आपण अचानक दुसरी पद्धत देतो आणि नाही म्हटलं की हट्टी ठरवतो.

जुन्या काळचं पहिलं उत्तर होतं दुसऱ्या बाईचं दूध. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये धात्री कशी निवडावी याचं सविस्तर वर्णन आहे, आणि ती मिळाली नाही तर शेळीचं किंवा गाईचं दूध द्यावं असंही सांगितलं आहे. पण त्यासाठी ग्रंथापर्यंत जायची गरज नाही. आमच्या जिल्ह्याला आज ज्यांचं नाव आहे, ते छत्रपती संभाजी महाराज १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मले. आई सईबाई आजारी, दूध पुरेना. मग कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना बोलावलं गेलं. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. धाराऊंचे मुलगे अंतोजी आणि रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. मराठीत या नात्याला शब्द आहे याचं मला आधी फक्त कौतुक वाटायचं. आता स्वतः पाजत असताना दुसरंच मनात आलं: धाराऊंना दूध होतं, म्हणजे त्यांच्या पदरातही त्या वेळी तान्हं असणार. त्याच्या वाट्याला किती आलं असेल?

धाराऊ सगळ्यांना कुठून मिळणार? साध्या घरांत आईला दूध कमी पडलं तर गाई-शेळीचं दूध पाण्यात पातळ करून द्यायचे. त्याला आपल्याकडे ‘वरचं दूध’ म्हणतात. आणि ते पाजायचं भांडं म्हणजे बोंडलं. छोट्या होडीसारखी वाटी, एका बाजूला चोच. ऐपत असेल त्यांच्याकडे चांदीचं, नाहीतर पितळेचं. तमिळ घरांत यालाच पालाडै म्हणतात, बंगालमध्ये झिनुक. आजीनं आमचं बोंडलं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून काढायला लावलं. पितळेचं, कल्हई पार उडालेली. "तुझ्या आईला ह्यानंच पाजलं," ती म्हणाली. मग थोडी थांबून म्हणाली, "आन् एरंडेल बी ह्यानंच. नाक दाबून." म्हणजे जुनं सगळंच मायेचं होतं असं नाही.

बाटलीचा जन्म आपल्याकडचा नाही. रबरी निपलचं पहिलं पेटंट अमेरिकेत १८४५ मध्ये निघालं. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांपासून बाळांसाठी पावडर तयार केली. कारखान्यांच्या त्या युगात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या लोकप्रिय झाल्या. बाळाशेजारी बाटली ठेवायची, नळी तोंडात द्यायची, धरायला माणूस लागत नाही. पण ती नळी आतून धुता येत नसे. तिच्यात दूध साठून नासायचं आणि मुलं जुलाबांनी मरायची. लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले. फ्रान्सनं १९१० मध्ये त्या कायद्यानं बंद केल्या.

मुंबईच्या गिरणीतल्या बाईला मात्र ही बाटलीही परवडणारी नव्हती. १९२०च्या दशकात तिथल्या गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती, आणि त्यांतल्या कितीतरी कोकण-घाटावरून आलेल्या. १९२२चा कारखाना कायदा सुधारून आला तेव्हाही बाईला दिवसाला अकरा तास राबवता येत होतं. सासू-आई गावाला, नवरा दुसऱ्या पाळीत. मग खोलीत किंवा खात्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं मूल दिवसभर गप्प कसं राहणार?

उत्तर होतं बाळगोळी. अफू घातलेली छोटी गोळी. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनं त्या काळात मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी केली आणि १९२२ मध्ये निष्कर्ष मांडला: या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. हा आकडा मी तीनदा वाचला. अफूनं मूल झोपतं, आणि झोपलेलं मूल दूध मागत नाही. आई नसताना काय पाजायचं, या प्रश्नावर शहरानं काढलेला हा मार्ग होता: भूकच झोपवून टाकायची. आणि अफू कुठल्या चोरबाजारातून येत नव्हती. तिचा मक्ता सरकारचा, दुकानं परवान्याची, महसूल तिजोरीत. आजीला मी विचारलं, तुला बाळगोळी ठाऊक आहे का? तिनं मान हलवली. "शेतात जाणाऱ्या बाया द्यायच्या. नाव नको घेऊ."

या गोळीवर दुसरी कुठलीही वाटी-बाटली हा उपाय नव्हता. आईला काही आठवडे तरी घरी राहता यावं आणि चूल विझू नये, एवढीच गरज होती. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते पडलं. मग १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी विधेयक मांडलं. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचा मुद्दा असा की आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचं हित आहे. म्हणून खर्चाचा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, पण तिच्या श्रमातून नफा घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. रोज आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे.

पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. यंत्रं बदलली, रात्रपाळ्या आल्या, अशी कारणं बरीच होती. पण बाई कामाला ठेवली तर खर्च पडतो हा मालकांचा हिशेबही त्यांतलाच एक. शंभर वर्षांनी आयटीतल्या इंटरव्ह्यूत नव्यानं लग्न झालेल्या मैत्रिणीला ‘पुढचं प्लॅनिंग काय?’ असं हसत विचारतात, तेव्हा तोच हिशेब चालू असतो.

स्वातंत्र्यानंतर डब्यातलं दूध देशी झालं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे त्यापासून बाळांची पावडर बनणं अवघड मानलं जायचं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ती पद्धत बसवली गेली आणि १९६०च्या आसपास आणंदच्या अमूलनं ती बाजारात आणली. तांत्रिक कामगिरी म्हणून ती मोठीच होती. अडचण डब्यानंतर सुरू व्हायची. पाणी उकळलेलं नाही, पावडर पुरवण्यासाठी पातळ केलेली, बाटली नीट धुतलेली नाही. असंच जगभरच्या गरीब घरांत होत होतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत या मालाच्या जाहिरातीवर बंधनं घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर झाली. विरोधातलं एक मत अमेरिकेचं. भारतानं १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला: बाळाच्या पावडरीची आणि दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायची नाही, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायचं नाही. म्हणूनच तुम्हाला टीव्हीवर डायपरची बाळं दिसतात, पावडरीची दिसत नाहीत.

त्याच काळात मुंबईत धाराऊंची परंपरा वेगळ्या रूपात परत आली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, गोठवून ठेवायचं आणि कमी दिवसांच्या, आईपासून दूर असलेल्या बाळाला द्यायचं. इथे दुसऱ्या बाईच्या मुलाचा वाटा कमी होत नाही, कारण ती उरलेलं देते. आणि अशा नाजूक बाळांना देशभरच्या नवजात विभागांत कशानं पाजतात? वाटी-चमच्यानं, नाहीतर पालाडैनं. म्हणजे आमच्या बोंडल्यानंच.

हे वाचलं त्या सकाळी मी आजीला म्हटलं, तू जिंकलीस. ती म्हणाली, "आधी लेकराला पाजून दाखव."

जुनं पितळ वापरायचं नाही हे मी ठरवलं होतं. कल्हई गेलेल्या पितळेत दूध नको. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचं बोंडलं मिळालं, ते उकळून घेतलं. आणि या वेळी तीन गोष्टी बदलल्या. पाजायला आई बसली, मी घराबाहेर, कारण माझा वास आला की मुलगी दुसरं काही का घेईल? भुकेनं आकांत सुरू व्हायच्या आधीच द्यायचं, कारण रिकाम्या पोटी कुणीच नवी गोष्ट शिकत नाही. आणि ओतायचं नाही. मुलीला मांडीवर जवळजवळ उभी धरायची, चोच खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठापर्यंत आणून थांबायचं. तिनं चाटलं तर चाटलं. तोंड फिरवलं की बंद. आजीच्या काळी ओतायचे, त्यानं ठसका लागतो. ही एक गोष्ट मी तिच्याकडून घेतली नाही.

पहिल्या दिवशी सगळं लाळेऱ्यावर. तिसऱ्या दिवशी दोन चमचे पोटात. आठवडाभरानं आईची आणि तिची लय जमली. बाटलीही आम्ही मंद धारेचं निपल लावून अधूनमधून दिली. ती खेळल्यासारखं चावायची, तेवढंच. काही मुलं बाटलीवर पटकन जातात, त्यात वाईट काही नाही. उकळून स्वच्छ ठेवली की झालं. आमची नाही गेली.

पुण्याला जाताना एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी दिसली. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, तान्ह्यासाठी गवळण कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, ही आख्यायिका आपल्याला शाळेपासून पाठ. लहानपणी मला तिचं धाडस दिसायचं. आता असं वाटतं की गडावरच्या कुणाला तरी त्या संध्याकाळी दरवाजा थोडा उशिरा लावता आला असता. त्यानंतरच्या बायकांसाठी तो लावला गेला का, हे गोष्टीत येत नाही.

आई महिनाभर पुण्यात राहायला आली. ऑफिसच्या पाळणाघरात प्रतीक्षायादी होती. कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या आहेत. मूल तासभर लांब असेल तर त्या सुट्टीत दूध काढून ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही, पण तेही कमी नाही. ऑफिसच्या पहिल्या दिवशी साडेबारा वाजता आईचा मेसेज आला: "साठ मिली घेतलं. वीस सांडलं. झोपली." मी कॅलेंडरवर दोन वाजताची पंधरा मिनिटं अडवली, कारणाच्या रकान्यात सरळ ‘दूध काढणे’ लिहिलं आणि मीटिंग रूमचं दार आतून लावलं.