माळ्यावरची माणसं

आपल्याकडं माळ्यावर गोवऱ्या, शेंगांची पोती, जुनी भांडी ठेवतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात गोदामांचे असेच मोठाले माळे होते. त्यांना लॉफ्ट म्हणतात. आज तिथं श्रीमंत लोक राहतात. हे कसं घडलं, ते सांगते.

शहराच्या दक्षिण भागात सोहो नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या. दर्शनी भाग ओतीव लोखंडाचा, खिडक्या मोठ्या, कारण काम दिवसाच्या उजेडावर चालायचं. आत कापडाची गोदामं आणि कारखाने. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडधंदा तिथून हलू लागला, मजले रिकामे पडले. आगी तर इतक्या लागायच्या की त्या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत.

तिथं चित्रकार, शिल्पकार शिरले. जागा मोठी, भाडं कमी. पण राहायला बंदी! मोरी, चूल, विजेच्या तारा, सगळं त्यांनी पदरच्या पैशानं केलं. १९६१ पासून दारावर पाटी लागू लागली, वर कलाकार राहतो अशी. कशासाठी? आग लागली तर बंबवाल्यांना कळावं, की वर माणूस आहे.

मग या वस्तीतून महामार्ग न्यायचा घाट घातला गेला. शेजारच्या वस्तीतली लेखिका जेन जेकब्ज, तीन मुलांची आई, विरोधात उभी राहिली. १९६८ मध्ये तिला सुनावणीतच अटक झाली. पण पुढच्याच वर्षी बेत रद्द झाला.

१९७१ मध्ये कलाकारांना राहायची परवानगी मिळाली. १९७३ मध्ये वस्ती ऐतिहासिक ठरली, आणि भाडी चढली. १९८२ च्या कायद्यानं बेकायदा माळ्यांतल्या भाडेकरूंना संरक्षण दिलं. इमारत सुरक्षित करायची जबाबदारी मालकावर आली. मात्र ठरलेल्या काळात तिथं लोक राहत होते, हे दाखवावं लागे.

आता शिवणाऱ्या बायांचं काय? १९६३ च्या एका पाहणीत तिथल्या कामगारांची नोंद आहे. पोर्तो रिकोहून आलेले, कृष्णवर्णीय, त्यांत बायका पुष्कळ. इमारती पाडू नका, यांचं काम जाईल, असंच त्या पाहणीनं सांगितलं होतं. इमारती राहिल्या. भाडी वाढली तसे कारखाने मात्र उठले. त्या बाया तिथं राबत होत्या, राहत नव्हत्या. म्हणून १९८२ च्या कायद्यात त्या कुठंच बसल्या नाहीत.