दुहेरी सायलेन्सर (जुन्या पिकअपचा)
इंजिनातील जळालेला वायू दोन स्वतंत्र नळ्यांतून बाहेर सोडणारी रचना. ती मूळची ‘व्ही’ आकाराच्या इंजिनांची. तिथे सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेला आपली नळी मिळते. टेल्कोने १९८८ मध्ये आणलेल्या टाटा मोबाइलसारख्या पिकअपचे चारही सिलिंडर एकाच रांगेत, म्हणून दुसरी नळी बहुतांशी शोभेचीच. निवडताना नळीचा व्यास, न गंजणारा पत्रा आणि डिझेलची टाकी, पाटे, स्टेपनी यांपासूनचे अंतर पाहतात. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठावी लागते. आवाजाची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.