परिधेय संगणकांची आदान साधने

अंगावर, मनगटावर किंवा डोळ्यांसमोर वागवायच्या संगणकाला आज्ञा व मजकूर पुरवणारी उपकरणे. वापरणारा चालत असतो, पुढ्यात मेज नसते आणि बहुधा एक हात गुंतलेला असतो. त्यामुळे नेहमीचा कळफलक व माउस येथे निरुपयोगी ठरतात.

यांचे सर्वांत जुने उदाहरण जुगारातले आहे. एडवर्ड थॉर्प व क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये रूलेटचा अंदाज बांधणारा, सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक तयार केला. बुटात दडवलेली बटणे पायाच्या अंगठ्याने दाबून चक्र व चेंडू यांच्या फेऱ्यांची वेळ नोंदवली जाई. उत्तर सुरांच्या रूपाने कानात येई.

मजकुरासाठी एकहाती कळफलक उपयुक्त ठरला. पेटीवर सूर मिळवून धरावेत तशा अनेक कळा एकदम दाबून त्यावर एक अक्षर उमटवतात. डग्लस एंगलबर्ट यांनी १९६८ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात पाच कळांचा असा संच वापरला होता. ‘ट्विडलर’ या पुढच्या उपकरणात बोटांसाठी १२ कळा असून ते पट्ट्याने हातात अडकवतात. एमआयटीतील थॅड स्टार्नर त्यावर संभाषण चालू असतानाच टिपणे घेत. नवख्याला मात्र चिकाटी हवी : जॉर्जिया टेकच्या २००४ मधील अभ्यासात सुमारे ४०० मिनिटांच्या सरावानंतर सरासरी वेग मिनिटाला २६ शब्दांपर्यंत गेला.

आवाजी आज्ञा सोप्या, पण गर्दीत अवघड वाटतात. गूगल ग्लास या चष्म्यासारख्या संगणकात (२०१३) त्यांच्या जोडीला काडीवर स्पर्शपट्टी होती. मनगटाच्या स्नायूंतील विद्युत् संकेत टिपणारे पट्टे अलीकडचे.