एकेरी मार्ग आणि दोन दिशा

कोकण रेल्वेनं प्रवास केलेल्या प्रत्येकाला एक शब्द पाठ असतो, तो म्हणजे ‘क्रॉसिंग’. गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात उभी राहते. कुणीतरी वैतागून विचारतं, "आता काय झालं?" आणि खिडकीजवळचा उत्तर देतो, "क्रॉसिंग आहे." २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुला झालेला हा ७४१ किलोमीटरचा मार्ग आजही बराचसा एकेरीच आहे. समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली सुटत नाही.

आज या थांबण्याविषयीच बोलायचं आहे. इतिहास रेल्वेचा आहे, पण त्यातला प्रश्न माझ्या विषयातला, म्हणजे तत्त्वज्ञानातला आहे. पुढच्या स्टेशनात बसलेला माणूस मला दिसत नाही. त्याच्या शब्दावर मी शेकडो जिवांचा भार किती टाकायचा?

सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये यावर एक साधा तोडगा होता. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासाठी एकच दांडा ठेवायचा. तो हातात असेल तोच ड्रायव्हर पुढे जाणार. यामागचं तर्कशास्त्र बिनतोड आहे, कारण एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. पण एकाच दिशेनं लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असल्या तर पंचाईत, दांडा पलीकडच्या टोकाला जाऊन बसलेला. मग तारयंत्र आलं. काही ठिकाणी लोकांना वाटलं, आता दांडा कशाला? तारेनं विचारू, तारेनं कळवू.

१० सप्टेंबर १८७४. नॉर्विचजवळचं थॉर्प. पावसाळी रात्र. लंडनहून येणारी एक्स्प्रेस उशिरा धावत होती आणि समोरून येणारी मेल पलीकडच्या ब्रंडल स्टेशनावर थांबायची होती. नॉर्विचच्या रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरनं मेल आधी सोडण्याचा निरोप तारेच्या कारकुनाकडे दिला. असा निरोप लेखी आणि सहीनिशी द्यायचा नियम होता, तो पाळला गेला नाही. निरोप मात्र गेला. इकडे एक्स्प्रेस आली आणि तीही सोडली गेली. चूक लक्षात येताच निरोप रद्द करायची धडपड झाली, पण ब्रंडलहून उत्तर आलं की मेल सुटली. आता दोन्ही गाड्या एकाच रुळावर समोरासमोर होत्या, आणि तारघरात बसलेल्यांना ते माहीत होतं. करता येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. २५ माणसं गेली. पुढे इन्स्पेक्टरला शिक्षा झाली, कारकून सुटला.

इथं जरा थांबू या. तारयंत्र बिघडलं नव्हतं. त्यानं शब्द अचूक पोचवले. अडचण शब्दाच्या स्वभावात आहे. शब्द दोन ठिकाणी एकदम असू शकतो. ‘जा’ ही परवानगी दोन्ही टोकांना एकाच वेळी मिळू शकते. दांड्याचं तसं होत नाही.

म्हणून १८७८मध्ये एडवर्ड टायर यांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, ती विजेनं जोडलेली, प्रत्येकात बऱ्याच चकत्या. पण दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच चकती निघणार, तीही पलीकडच्या माणसानं संमती दिली तरच. आपल्याकडे पुढे नीलचं यंत्र रुळलं, त्यात चकतीऐवजी धातूचा गोळा असतो. लहानपणी आमच्या गावच्या स्टेशनावर तो पाहिलाय मी. वेताच्या मोठ्या कड्याला चामडी पिशवी, पिशवीत गोळा, आणि न थांबणाऱ्या गाडीतून हात बाहेर काढून ते कडं झेलणारा फायरमन!

मग प्रश्न सुटला का? नाही. २६ जानेवारी १९२१, वेल्समधलं अ‍ॅबरम्यूल. टायरची यंत्रं चालू होती. पॅसेंजर गाडी आली आणि ड्रायव्हरनं मागच्या तुकड्याची चकती दिली. ती या हातातून त्या हातात गेली, आणि पुढच्या तुकड्याची समजून त्याच ड्रायव्हरला परत मिळाली. तुकड्याचं नाव चकतीवर कोरलेलं होतं. ते ना देणाऱ्यानं वाचलं, ना घेणाऱ्यानं. गाडी निघाली, समोरून एक्स्प्रेस येत होती. १७ मृत्यू. वस्तू हातात होती, पण पाहणं आणि वाचणं यांत अंतर राहिलं.

आजची दुतर्फा सिग्नल पद्धत या दोन्ही धड्यांवर उभी आहे. मार्ग एकच, सिग्नल दोन्ही दिशांचे. पण एका टोकानं दिशा घेतली की दुसऱ्या टोकाचा सुटण्याचा सिग्नल लालच राहतो, त्याला कुलूप बसतं. दिशा उलटवायची तर मधला तुकडा रिकामा असल्याचं आधी सिद्ध व्हावं लागतं. पूर्वी ते डोळ्यांनी पाहत. शेवटच्या डब्यामागे ‘एल. व्ही.’ अशी पाटी असते ना, ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे डबा राहिला नाही. आता अनेक ठिकाणी रुळालगतचं यंत्र आत गेलेले आणि बाहेर आलेले आस मोजतं. हिशेब जुळला तरच कुलूप उघडतं. कर्जत–लोणावळा घाटात तीन मार्ग आहेत, त्यातला मधला गरजेप्रमाणे चढायलाही वापरतात आणि उतरायलाही. तो याच भरवशावर.

म्हणजे माणूस यातून सुटला, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. यंत्र बंद पडलं की दोन स्टेशन मास्तर पुन्हा फोनवर, म्हणजे शब्दावरच येतात. फरक एवढाच की आता नुसता शब्द चालत नाही. ते एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात, तो वहीत नोंदवतात आणि ड्रायव्हरला सही केलेला कागद मिळतो. थॉर्पच्या त्या रात्री नेमकी सहीच राहिली होती.

विश्वास ठेवणं आणि तपासून पाहणं या विरुद्ध गोष्टी आहेत, असं आपण घरातही मानतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून माणसं दुखावतात. रेल्वेनं हे उलटं शिकवलं, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवानं मोजली. दुसऱ्याचा शब्द परत म्हणून दाखवणं, लिहून घेणं, वाचून पाहणं यात त्याचा अपमान नाही. न दिसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तर त्याला हाच एक रस्ता आहे.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.