चंद्रगिरीवरील समाधिस्मारके

श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचे दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूंचे पाय समोरच्या चंद्रगिरीकडे वळतातच असे नाही. वस्तुतः या लहान टेकडीची पुण्यस्मृती इ. स. ९८१ च्या सुमारास घडलेल्या त्या महामूर्तीहूनही प्राचीन आहे. टेकडीचे जुने नाव कटवप्र. श्रुतकेवली भद्रबाहू व सम्राट चंद्रगुप्त मौर्य यांनी येथेच समाधिमरण साधले, अशी परंपरा आहे. इ. स. ६०० च्या सुमाराचा येथील शिलालेख भद्रबाहूंची भविष्यवाणी व संघाचे दक्षिणगमन सांगतो.

पुढील काळात अनेक मुनी व आर्यिकांनी येथे सल्लेखना धारण केली. त्यांच्या स्मरणार्थ कोरलेले आरंभीचे बहुतेक लेख थेट उघड्या कातळावर आहेत. त्यांच्यावर ना छत्री, ना घुमट. वर केवळ आकाश. नंदिसेन मुनींच्या कन्नड लेखात तर ऐहिक वैभवाला इंद्रधनुष्य, वीज व दव यांच्या उपमा दिल्या आहेत. स्तंभ व मंडप नंतर आले. गंगनरेश मारसिंहाची स्मृती स्तंभावर, तर नयकीर्ती मुनींची (इ. स. ११७६) मंडपातील स्तंभलेखात जपली आहे.

देहाचाही परिग्रह सोडणाऱ्यांना निसर्गाच्या सान्निध्यातील हेच स्मारक शोभते. मात्र ऊन, पाऊस व पावलांनी कातळावरील अक्षरे झिजत आहेत. ती वाचण्यासाठी वाकावे लागते. ती टिकावीत म्हणून प्रत्येक यात्रेकरूने पाऊल जपून टाकावे, हीच त्या तपस्व्यांना खरी विनयांजली होय.