प्रतिक्लिक जाहिरात मोहिमेचे मूल्यमापन

प्रतिक्लिक जाहिरात म्हणजे जाहिरात नुसती दिसल्याबद्दल नव्हे, तर वाचकाने तिच्यावर क्लिक केल्यावरच जाहिरातदाराकडून शुल्क घेणारी आंतरजालावरील जाहिरातपद्धती होय. अशा मोहिमेवर झालेला खर्च आणि तिच्यातून प्रत्यक्ष घडलेले व्यवहार यांचा ताळा घेऊन पुढील खर्चाची दिशा ठरविणे, यास मोहिमेचे मूल्यमापन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतात. पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योजक किंवा केळवे येथे पर्यटकांसाठी घर चालविणारे कुटुंब हे काम स्वतः करते अथवा एखाद्या मध्यस्थाकडे सोपविते. मध्यस्थाच्या मासिक अहवालात क्लिकांची संख्या ठळकपणे दिलेली असते. विक्रीचा आकडा त्याच्यापाशी नसतोच, तो दुकानाच्या वहीत असतो. या दोन नोंदी एकत्र आणणे हाच मूल्यमापनाचा गाभा आहे. पुढील विवेचनात याच परिसरातील उदाहरणे घेतली असून त्यांतील रकमा काल्पनिक आहेत.

शुल्क कसे ठरते

शोधशब्दांचा लिलाव करून क्लिकनिहाय शुल्क आकारण्याची पद्धत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये रूढ केली. पुढे ‘ओव्हर्चर’ हे नाव घेतलेली ही कंपनी २००३ मध्ये याहूने विकत घेतली. गूगलची ‘ॲडवर्ड्स’ सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली. २००२ पासून तिच्यात क्लिकनिहाय लिलाव आला आणि २०१८ मध्ये तिचे नाव ‘गूगल ॲड्स’ झाले.

गोटूच्या पद्धतीत अधिक बोली लावणारा वर दिसे. गूगलने बोलीला जाहिरातीच्या गुणवत्तेची जोड दिली. जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दांशी तिचा संबंध आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाची उपयुक्तता हे गुणवत्तेचे मुख्य घटक होत. सोपे करून सांगायचे तर, २० रुपये बोली व ८ गुण असलेल्या जाहिरातदाराचा गुणाकार १६० येतो. ३० रुपये बोली व ४ गुण असलेल्याचा १२०. पहिला वर दिसतो आणि दुसऱ्याच्या पुढे राहण्यापुरतेच, म्हणजे १२० भागिले ८, सुमारे १५ रुपये देतो. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असले, तरी बोली वाढविण्याआधी पान सुधारावे, या सल्ल्याचे कारण यातून कळते.

परवडणारी क्लिक

क्लिक स्वस्त की महाग, हे नुसत्या तिच्या दरावरून सांगता येत नाही. केळवे येथील घरात एका कुटुंबाच्या मुक्कामातून सर्व खर्च वजा जाता १,५०० रुपये उरतात आणि ५० क्लिकांमागे एक आरक्षण होते, असे धरू. मग एका क्लिकची कमाल परवडणारी किंमत ३० रुपये ठरते. क्लिक २६ रुपयांना पडत असेल तर व्यवहार फायद्याचा दिसतो. मात्र जाहिरात सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागून ती ३०.६८ रुपयांना पडते. नोंदणीकृत कारखानदारास या कराची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या घरमालकास मिळत नाही. त्याच्यासाठी हीच मोहीम तोट्याची आहे.

गूगल ॲड्समधील दैनिक अंदाजपत्रक ही सरासरी असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा दैनिक रकमेच्या ३०.४ पट धरली जाते. म्हणून एका दिवसाच्या खर्चावरून घाबरून मोहीम बंद करणे योग्य नव्हे.

स्थळनामांचा घोळ

या परिसरातील जाहिरातदाराचे पैसे नकळत वाया जाण्याचे एक मोठे कारण भूगोलात आहे. ‘तारापूर’ या एका नावाखाली समुद्रकाठचे गाव, तेथील किल्ला, १९६९ मध्ये सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र आणि बोईसर स्थानकाजवळची औद्योगिक वसाहत असे सारे येते. शिवाय गुजरातेत आणंद जिल्ह्यात एक तारापूर आहे आणि बिहारात मुंगेर जिल्ह्यात दुसरे. ‘तारापूर कंपनी’ असा शोध घेणारा माणूस खरेदीदार असेल, नोकरीच्या शोधात असेल किंवा अणुकेंद्रावर प्रकल्प लिहिणारा विद्यार्थीही असेल. तिघांच्याही क्लिकचे पैसे सारखेच पडतात.

यावर उपाय म्हणजे शोध-अहवाल वाचणे. लोकांनी प्रत्यक्ष काय टंकित केल्यावर जाहिरात दिसली, याची ही यादी असते. तिच्यातून ‘नोकरी’, ‘भरती’, ‘पगार’, ‘आणंद’, ‘मुंगेर’ यांसारखे शब्द निवडून ते वगळशब्द म्हणून नोंदवितात. समानार्थी शब्द आपोआप वगळले जात नाहीत. ‘भरती’ वगळली तरी ‘व्हेकन्सी’ शिल्लक राहते. बोईसरमध्ये मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांत शोध होत असल्याने ही यादी लांबते. काम कंटाळवाणे आहे; पण मूल्यमापनातील इतर कोणत्याही कामापेक्षा त्याचा परतावा लवकर दिसतो.

जाहिरात कोणत्या भागात दाखवावी, याची निवडही व्यवसायागणिक बदलते. बोईसरमधील पाण्याच्या टँकरवाल्यास त्या वेळी बोईसरमध्येच असलेले लोक हवेत. केळव्याच्या घरमालकास याउलट मुंबई-ठाण्यात बसून केळव्याचा शोध घेणारे हवेत. गूगल ॲड्सच्या मूळ मांडणीत त्या स्थळी असलेले आणि त्या स्थळात रस दाखविणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक धरलेले असतात. टँकरवाल्याने ही मांडणी न बदलल्यास त्याला दूरच्या लोकांच्या क्लिकांचे पैसे भरावे लागतात. रसायने वा यंत्रभाग बनविणाऱ्या कारखान्याचा ग्राहक तर वापी, अंकलेश्वर किंवा भिवंडीत असण्याचा संभव अधिक.

चौकशी आणि व्यवहार

क्लिकनंतर घडावी अशी जाहिरातदाराची इच्छा असलेल्या कृतीस कन्व्हर्जन म्हणतात. फोन, अर्ज भरणे, आरक्षण, खरेदी यांपैकी कशाला कन्व्हर्जन म्हणायचे, हे जाहिरातदारच ठरवितो, आणि येथेच चूक महागात पडते. तारापूरमधील एका व्हॉल्व्ह उत्पादकाने दोन शोधशब्द घेतले, असे समजू. ‘व्हॉल्व्ह किंमत’ या शब्दावर ८,००० रुपयांत ४० चौकशा आल्या. एक चौकशी २०० रुपयांना पडली. ‘आम्लासाठी अस्तराचा व्हॉल्व्ह’ या शब्दावर ५,००० रुपयांत पाचच चौकशा, प्रत्येकी १,००० रुपयांना. अहवालात पहिला शब्द पाचपट सरस दिसतो. पण दोन महिन्यांनी पहिल्यातून १०,००० रुपये नफ्याची एकच मागणी हाती आली आणि दुसऱ्यातून प्रत्येकी ३०,००० रुपये नफ्याच्या दोन. म्हणजे पहिल्यावर २,००० रुपये सुटले, तर दुसऱ्यावर ५५,०००.

हल्ली बोली बहुधा यंत्रणाच ठरविते. तिला ‘चौकशी’ हेच उद्दिष्ट दिले असेल, तर ती पैसा पहिल्या शब्दाकडे वळविणार. तिला दिलेले काम ती चोख करते. म्हणून झालेल्या व्यवहारांची माहिती यंत्रणेकडे परत पोचविणे आवश्यक ठरते. जाहिरातीवरून आलेल्या प्रत्येक क्लिकच्या दुव्यास एक ओळखखूण जोडता येते. ती अर्जासोबत जतन करावी आणि सौदा झाल्यावर त्याच्या रकमेसह जाहिरात खात्यात भरावी, अशी ही रीत आहे. फोनवर होणाऱ्या धंद्यात ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ एवढा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहिले, तरी बरेच साधते.

लहान आकड्यांची फसगत

दोन जाहिरातींना प्रत्येकी ४०० क्लिक मिळाल्या. एकीतून ८ चौकशा आल्या, दुसरीतून १२. दुसरी दीडपट चांगली, असे म्हणण्याचा मोह होतो. अशा तुलनेसाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो: दोन्हींच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी, फरक त्याहून कमी असेल तर तो योगायोगाचा असू शकतो. २० चे वर्गमूळ सुमारे ४.५, दुप्पट ९ आणि फरक केवळ ४. निष्कर्ष काढण्याइतका पुरावा येथे नाही. केळव्यासारख्या ठिकाणी शनिवार-रविवार, शाळांच्या सुट्ट्या आणि पावसाळा यांमुळे मागणी मुळातच हेलकावते. त्यामुळे मे महिन्याची जुलैशी तुलना करून जाहिरातीला श्रेय वा दोष देणे निरर्थक होय. दोन्ही जाहिराती एकाच काळात चालवाव्यात.

जाहिरात नसती तर

सर्वांत अवघड प्रश्न हा, की आलेला ग्राहक जाहिरात नसती तरी आला असता काय? ईबे कंपनीने २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या शोधावरील जाहिराती थांबवून पाहिल्या. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को व स्टीव्हन ताडेलिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सर्व लोक त्याखालील विनाशुल्क दुव्यावरून तसेच येत राहिले. अर्थात ईबे ही सर्वपरिचित कंपनी. अनोळखी लघुउद्योगास तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

स्वतःऐवजी प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधशब्द म्हणून घेण्याची युक्तीही पुष्कळदा सुचविली जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या खटल्यात २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, दुसऱ्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. ग्राहकाची दिशाभूल होत असल्यास मात्र प्रकरण वेगळे ठरते.

ईबेसारखी परीक्षा लहान प्रमाणावर कोणालाही घेता येते. केळव्याच्या घरमालकाने आपल्या घराच्या नावावरील जाहिरात एक आठवडा चालू व एक आठवडा बंद, अशी आठ-दहा आठवडे आलटूनपालटून ठेवावी आणि जाहिरातीतून आलेली नव्हे, तर एकूण आरक्षणे मोजावीत. सलग सुट्ट्यांचे आठवडे या मोजणीतून वगळावेत.