देवीला सोडलेली पोरं

जतच्या यल्लम्माची यात्रा मार्गशीर्षात भरते. खिलार बैलांचा बाजार, दुकानांची पालं, सीमेपलीकडून आलेली कानडी माणसं. त्या गर्दीत आम्ही पोरं टक लावून बघायचो ती हिरव्या लुगड्यातल्या जोगत्यांकडं. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, आणि आवाज पुरुषाचा. आजी दटवायची, "हसू नगंस. देवीनं धरलंय त्याला."

देवी कुणालाही धरत नसे. काहींना घरच्यांनी नवसापोटी सोडलेलं असायचं. पण पुष्कळदा पोरगं चालण्याबोलण्यात बायकी असायचं, चुलीपाशी रमायचं. त्यात केसांत जट आली की देवऋषी गाठायचा आणि कौल घ्यायचा. मग सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात मोती बांधायचे. हातात परडी आली की दारोदार जोगवा मागायचा आणि लग्न कायमचं बंद. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला बांगड्या फोडायच्या, माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरायच्या. पोराला विचारत कोण होतं? एक खरं, की कालपर्यंत त्याला दगड मारणारेच आता त्याच्या पाया पडायचे. याला मी दया म्हणणार नाही. घराची लाज देवीच्या पदरात टाकायची ती सोय होती.

शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांनी 'दर्शन' कथेत आणि राजन गवस यांनी 'भंडारभोग' कादंबरीत हे जग लिहिलं. त्यावरच्या 'जोगवा' सिनेमातल्या तायप्पा या जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या भागात तो सिनेमा बघून लोक रडले आणि थेटराबाहेर आल्यावर तायप्पा हीच नवी शिवी झाली.

कायद्यानं प्रथा बंद करायला घेतली, पण मुंबई इलाख्याचा 1934चा देवदासी कायदा बोलत होता तो स्त्रीबद्दल. शिवाय जत तेव्हा इलाख्याबाहेरचं, डफळ्यांचं संस्थान होतं, ते 1948 साली विलीन झालं. कर्नाटकाचा 1982चा कायदाही स्त्रीबद्दलच होता. सोडलेला मुलगा दोन्हींत नव्हता.

अशा सोडलेल्यांपैकीच पद्मश्री मंजम्मा जोगती, बळ्ळारीकडच्या. किशोरवयात घरच्यांनी त्यांना होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेऊन जोगप्पा, म्हणजे जोगत्या, केलं. घर तुटलं. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचल्या. पुढं काळव्वा जोगतीकडं नाच शिकल्या आणि 2019 मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. देवीच्या नावानं मिळालेला मान त्यांना मरणाच्या विचारापासून अडवू शकला नव्हता. काळव्वानं हात धरला, पोटापुरती कला दिली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

मी जन्मभर हायस्कुलात शिकवलं. डोक्यावरचा जग उतरला, पण आजी ज्याला 'देवीनं धरलं' म्हणायची ते पोरगं वर्गात येतच राहिलं. हजेरीला त्याचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून 'बायल्या', 'छक्का'. अशी पोरं मधल्या सुट्टीत मुतारीकडं जात नाहीत, शाळा सुटेपर्यंत कळ काढतात. पीटीचा तास चुकवतात, मग शाळाच. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 मधून प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध वगळले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये बातमी वाचली गेली आणि हशा पिकला. 2021 मध्ये एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. प्रथेनं निदान एक जागा दिली होती, वाईट का होईना. शाळेनं तीही दिली नाही.

शिक्षकबंधूंनो, पोरगं गप्प झालं, वह्या-वस्तू वाटून टाकू लागलं, 'माझ्यामुळं सगळ्यांना त्रास' म्हणू लागलं, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरगं मोकळं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका. घरी जिवाच्या धोक्याचं सांगा. बाकीचं, स्वतःबद्दलचं, त्याला वाटेल तेव्हा ते सांगेल. मानसिक आधारासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तो प्रत्येक वर्गाच्या दारामागं रंगानं लिहून घ्या आणि हजेरीच्या वेळची ती शिवी पहिल्याच दिवशी थांबवा.